सर येईपर्यंत आम्ही उपाशी होतो

स्टेजवर माझ्या हातात माइक दिला आणि सरांनी पाठीत हलकेच बोट खुपसलं. म्हणजे, बोल.

मी बोलले, "अनटिल सर केम, वुई डिड नॉट ईट."

सर येईपर्यंत आम्ही जेवत नव्हतो. एवढंच वाक्य.

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एका बाईने पर्समधून रुमाल काढून डोळ्यांना लावला. तिच्या शेजारचा गृहस्थ मोबाइल उंच धरून माझं शूटिंग करत होता आणि एकीकडे मान हलवत होता. अरेरे म्हणताना हलवतात तशी. सरांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताला अत्तराचा वास होता. आजही कुणाच्या अंगाला तसा वास आला की मी दोन पावलं मागे सरकते.

खुर्च्या पाहुण्यांना होत्या. आमची माणसं हॉलच्या मागच्या बाजूला, सतरंजीवर. तिथे माझी आई बसली होती. लग्नाकार्याला नेसते ते पातळ नेसून आली होती. तिला इंग्रजीचं अक्षर कळत नाही. आपली पोरगी माइकवर बोलली आणि साहेब लोकांनी टाळ्या वाजवल्या, एवढं तिने पाहिलं. म्हणून तिनेही वाजवल्या. सगळ्यांच्या थांबल्या तरी ती वाजवत होती.

मग मुलींच्या आयांना स्टेजवर बोलावलं. प्रत्येकीला एक चादर. माझी आई चादर घ्यायला पुढे आली आणि सरांच्या पाया पडली. सरांनी तिला पडू दिलं. वरून फोटोवाल्याकडे बघून हसले.

मी तिथेच उभी होते. माइक अजून माझ्याच हातात होता. त्या वेळी मला नीटसं कळलं नाही काय झालं ते. आता कळतं. म्हणून हे लिहिते आहे.

तेव्हा मी नववीत होते. शहापूरच्या बाहेर एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह होतं, तिथे राहायचे आणि गावातल्या शाळेत जायचे. संस्थेचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर तुम्हाला वाटेल, तेवढी एकच तशी होती.

आमची वाडी मुरबाडच्या अंगाला. सरळगावच्या पुढे, डांबरी रस्ता सोडून आत. ठाकर आदिवासींची वस्ती. वाडीत चौथीपर्यंत शाळा. पुढची शाळा लांब, डांबरी रस्त्यावर, वाटेत ओढा. पोरीने पुढे शिकायचं तर वसतिगृह, नाहीतर मग लग्न. माझ्या बरोबरीच्या पोरी एकेक करून सासरी गेल्या. माझा बाप वाशिंदला कंपनीत कंत्राटी कामावर होता, सुट्टीला यायचा. त्याचं म्हणणं, पोरीला कशाला इतकं. आईने ऐकलं नाही. तिनेच मला शहापूरला आणून सोडलं. त्यामुळे वसतिगृहातली माझी जागा ही माझी नव्हतीच. ती आईने भांडून घेतलेली जागा होती. ती गेली की शाळा गेली, हे मला झोपेतसुद्धा माहीत होतं.

सर दर शनिवारी डोंबिवलीहून गाडीने यायचे. मोठ्या कंपनीतून निवृत्त झाले होते. संस्थेच्या कमिटीवर होते आणि आम्हाला इंग्रजी बोलायला शिकवायचे. शिकवायचे चांगलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण खोटं सांगून मला त्यांच्या रांगेत जाऊन बसायचं नाही.

त्यांनी एकदा फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला जागा. वेळेच्या बाजूला व्हेन, व्हाइल, बिफोर, आफ्टर, अनटिल, सिन्स. जागेच्या बाजूला व्हेअर आणि व्हेअरएव्हर. म्हणाले, दोन गोष्टी सुट्या पडलेल्या असतात, त्यांना हे शब्द बांधतात. काय आधी झालं, काय नंतर, कुठे झालं. हे आलं की तुम्हाला आपली हकिगत सांगता येते.

मला ते इतकं आवडलं. आणि पटकन आलंही. बाकीच्या मुली अडखळायच्या, मी नाही. कारण आमच्या घरात सगळं बोलणं तसंच. आमच्याकडे घड्याळ कोण बघतं? गुरं परतली का ये. मोह गळाया लागला का बघू. ऊन उंबऱ्याशी आलं का भाकर कर. एक गोष्ट झाली की तिला धरून दुसरी. मला वाटलं, अरे, इंग्रजी तर आपल्यासारखंच आहे. त्या रात्री अंथरुणात पडून मी घरचं एकेक बोलणं इंग्रजीत लावून बघत होते आणि एकटीच हसत होते.

पुढच्या शनिवारी सर म्हणाले, आता प्रत्येकीने एक शब्द घ्यायचा आणि आपल्या आयुष्यातलं खरं वाक्य करायचं. पुस्तकातलं नको. दिवाळीच्या आधी मोठे पाहुणे येणार आहेत, त्यांच्यासमोर बोलायचं आहे.

माझी मैत्रीण शेवंती. तिला व्हेअर आला. तिने लिहिलं, मी राहते तिथे आंब्याची खूप झाडं आहेत. सरांनी वाचलं, छान म्हणाले, आणि डस्टरने आंब्याची झाडं पुसली. त्या जागी लिहिलं, मी राहते तिथे संडास नाही. शेवंती खाली बघत राहिली. दुसरीने बिफोर घेऊन आजोबांच्या गोष्टींबद्दल लिहिलं होतं. तिचं झालं, इथे येण्याआधी मला साबण माहीत नव्हता. ती पोरगी रोज दोनदा आंघोळ करणारी. तिच्या वाडीत साबणाचं दुकान नव्हतं, एवढंच.

मला अनटिल आला.

आमच्या वाडीत एक रीत आहे. पावसाळा लागला की डोंगरात कवळीची भाजी उगवते. हिरवीगार, लुसलुशीत. पायाखाली येते इतकी. पण कोणी तोडून खात नाही. आधी सगळी वाडी एक दिवस ठरवते. त्या दिवशी भाजी गावदेवीला दाखवायची, मगच सगळ्या घरांत एकदम शिजवायची. तोवर घरात दुसरं काही नसलं तरी कोणी हात लावायचा नाही. लहान पोरंसुद्धा लावत नाहीत. जो आधी खाईल त्याचं नाव वर्षभर निघतं. आम्हाला त्या वाट बघण्याचा अभिमान आहे. सगळ्यांनी मिळून थांबायचं, सगळ्यांनी मिळून खायचं.

मी फळ्यावर लिहिलं, "वुई डू नॉट ईट न्यू भाजी अनटिल गावदेवी ईट्स."

देवी जेवल्याशिवाय आम्ही नवी भाजी खात नाही. माझ्या आयुष्यातलं खरं वाक्य. लिहून झाल्यावर मी मागे सरून बघितलं. मला वाटलं, सर शाबास म्हणतील.

सर हसले. दाराशी मॅडम बसल्या होत्या, म्हणजे त्यांच्या बायको. त्यांना त्यांनी वाक्य वाचून दाखवलं. मग मला विचारलं, "देवी जेवते? हाताने का चमच्याने?" वर्ग हसला. मीही हसले. हसायचंच असतं अशा वेळी, नाहीतर जास्त हसतात.

मग त्यांनी डस्टर घेतला. नवी भाजी गेली. गावदेवी गेली. राहिलं ते, आम्ही खात नाही अनटिल. तिथे त्यांनी स्वतःला बसवलं. वाक्य भूतकाळात नेलं. मागे सरून बघितलं, मी बघितलं होतं तसंच. म्हणाले, बघ, छोटं झालं आणि ताकद आली.

मी हळूच म्हणाले की सर, आम्ही उपाशी नव्हतो.

"बेटा, आपण व्याकरण शिकतोय. वाक्य बरोबर आहे की नाही? मग पाठ कर."

वाक्य बरोबर होतं. त्यात काना इकडचा तिकडे नव्हता. तेव्हा मला एवढीच अक्कल होती की बरोबर म्हणजे खरं. शाळेत तेच शिकवतात. बरोबर असलं की टिक, चूक असलं की फुली. पूर्ण बरोबर आणि पूर्ण खोटं असं एकच वाक्य असू शकतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मग मॅडमनी सराव घेतला. "वुई डिड नॉट" म्हटल्यावर थांबायचं. डोळे खाली. मग "ईट". आवाज बारीक. मी एकदा खणखणीत बोलले तर म्हणाल्या, असं नाही बाळ, असं काय आनंदाने सांगते आहेस. मी बारीक आवाजात बोलायला शिकले. आम्हा सगळ्यांना त्यांनी बारीक आवाज शिकवला. ज्या पोरींनी डोंगरावरून हाक मारली तर खालच्या वाडीत ऐकू जायचं, त्या पोरींना.

असं ते वाक्य तयार झालं होतं. त्याला त्या टाळ्या पडल्या.

कार्यक्रम संपला आणि आम्ही सुट्टीला घरी निघालो. आई आणि मी. शहापूरहून किन्हवलीमार्गे एसटी, सरळगावला उतरून पुढे जीप, मग चालत. चादरीची पिशवी आईने डोक्यावर घेतली होती. खूष होती. वाटेत दोन बायकांना तिने सांगितलं, पोर इंग्लिश बोलली. जीपमधून उतरून पायवाटेला लागलो तेव्हा तिने विचारलं.

"काय बोललीस गो तू तितं?"

मी म्हटलं, असंच. ती म्हणाली, असंच बोलल्यावर येवड्या टाळ्या कोन मारतो. सांग ना.

मी सांगितलं. आमच्या बोलीत. "सर येस्तोवर आमाला खायाला नवता."

इंग्रजीत ते मी किती वेळा बोलले असेन. सरावात, झोपेत, संडासाच्या रांगेत. कधी काही झालं नाही. आमच्या बोलीत एकदाच बोलले आणि शेण खाल्ल्यासारखं झालं. शब्द तेच. पण इथे ते आईच्या तोंडावर जाऊन पडले.

आई थांबली. पिशवी खाली ठेवली.

"मी तुला उपाशी ठेवली? कवा?"

ती रागाने विचारत नव्हती. रागाने विचारलं असतं तर बरं झालं असतं. ती खरंच आठवत होती. साहेब लोकांसमोर पोरगी बोलली म्हणजे कुठेतरी, कधीतरी तसं झालं असेल, आपल्याला ध्यान राहिलं नसेल, असं तिचं तोंड झालं होतं. एका वर्षी भात गेलं होतं. पुरात शेत वाहून गेलं. त्या वर्षी तिने डोंगरातून कंद खणून आणले, कापून ओढ्याच्या पाण्यात ठेवले, कडूपणा गेल्यावर शिजवले. ते ती मला आठवून सांगायला लागली. तवापन तुला वाडलाय मी, म्हणाली. तू लहान होतीस. आधी तुला, मंग मी.

एखाद्या गुन्हेगाराने पुरावा द्यावा तशी माझी आई पायवाटेवर उभी राहून मला पुरावा देत होती. मी काय करू? मी रडायला लागले. ती रडली नाही.

"आन मी पाया पडली त्याच्या," ती म्हणाली.

मग पिशवी उचलून चालायला लागली. घरी आल्यावर तिने चादर पिशवीतून काढली, उलटून पालटून बघितली आणि शेळ्यांच्या खाली अंथरली. शेजारीण म्हणाली, अगो नवी हाय ना. आई म्हणाली, म्हनून.

सुट्टी संपल्यावर मी परत वसतिगृहात गेले. सरांना काही बोलले नाही. बोलायची हिंमत नव्हती. पुढच्या वर्षी दहावी होती. मनात ठरवलं होतं की झालं ते झालं, पुन्हा ते वाक्य बोलायची वेळ येणार नाही.

वेळ आली. भातझोडणी होऊन गेली होती, थंडीचे दिवस. सर म्हणाले, स्टेजवरचं तुझं बोलणं परदेशातल्या एका देणगीदारांना फार आवडलंय. आता छोटी फिल्म करायची. तुझ्या घरी जाऊन. आईला निरोप दे.

निरोप गेला. मला आदल्या दिवशीच घरी पाठवलं. आईला सगळं माहीत होतं, तरी तिने घर सारवलं. माणूस उंबऱ्याशी येतो म्हटल्यावर सारवण होतंच. कोंबडा कापला. तांदळाच्या भाकरी केल्या. सरांशी मात्र ती एक अक्षर बोलली नाही. पाण्याचा तांब्या समोर ठेवला आणि चुलीकडे जाऊन बसली.

त्यांनी आमचं पाणी घेतलं नाही. बाटल्या आणल्या होत्या. कॅमेरावाला आणि त्याचा जोडीदार बूट घालून सारवणावर फिरत होते. मॅडमनी पिशवीतून एक फ्रॉक काढला. फाटका. खांद्यावर उसवलेला, मळका. कुठून आणला होता देव जाणे. मला म्हणाल्या, युनिफॉर्म काढ आणि हा घाल. मग माझ्या वेण्या स्वतःच्या हाताने सोडल्या आणि केस विसकटले. त्या वेण्या सकाळी आईनेच घातल्या होत्या.

सर चुलीकडे बघून म्हणाले, कालवणाचं पातेलं उचला. चूल विझवा. चूल पेटलेली कशी चालेल?

विचार करा. तुमच्यासाठी कोंबडा शिजतोय. आणि तुम्ही सांगताय, शिजताना दिसता कामा नये.

आईने चूल विझवली. लाकडं ओढून पाणी शिंपडलं. धूर झाला. मी फ्रॉक हातात धरून उभी होते. अजून घातला नव्हता. मी आईकडे बघत होते आणि ती माझ्याकडे बघत नव्हती. मला ठाऊक होतं ती का गप्प आहे. माझ्या दहावीसाठी. तिने भांडून घेतलेल्या त्या जागेसाठी ती आपली चूल आपल्या हाताने विझवत होती.

मग कॅमेरावाला म्हणाला, सर, हे मागे काय आहे? मध्येच येतंय.

मागे कणगी होती. बांबूची विणलेली, शेणाने लिंपलेली, माणसाच्या उंचीची. वर्षाचं भात तिच्यात असतं. नुकतीच भरली होती. तोंड लिंपून बंद केलेलं, त्यावर हळदकुंकू. धान्य म्हणजे आमची कणसरी, आमची देवी. भरलेली कणगी हलवत नाहीत. तिच्यासमोरून जाताना म्हातारी माणसं अजून हात जोडतात.

सरांना ते काय आहे हे कळलं. त्यांना सगळं कळायचं. म्हणाले, धान्य दिसलं तर वाक्याला काही अर्थ राहत नाही.

"कणगी बाहेर काढा."

आई पहिल्यांदा बोलली. "भरली कनगी हलवत नाय."

सर माझ्याकडे वळले. जरा समजाव आईला, पाच मिनिटांचा प्रश्न आहे, लगेच परत ठेवू. आणि उत्तराची वाट न बघता त्यांनी त्या दोघांना खूण केली. दोघांनी दोन बाजूंनी कणगीला हात घातला. एकाने जोर लागावा म्हणून बुटाचा पाय तिच्या बुडाला लावला. लिंपण तडकलं. चार दाणे खाली पडले.

सारवलेल्या जमिनीवर ते दाणे. आई खाली बसून एकेक वेचायला लागली. त्या बुटाच्या बाजूला बसून.

तिथे माझं सगळं संपलं. भीती, दहावी, वसतिगृह, सगळं. किळस आली. त्यांची आली, त्या फ्रॉकची आली, आणि स्टेजवर बारीक आवाज काढणाऱ्या माझ्या तोंडाची आली.

मी म्हणाले, "हात काढा."

इतक्या मोठ्याने म्हणाले की बाहेर वाडीतली माणसं दाराशी आली. त्या दोघांनी हात काढले. मी कणगीपुढे जाऊन उभी राहिले.

"भात आहे सर. कणगी भरून भात आहे. आम्ही जेवतो."

सर जवळ आले. ते ओरडले नाहीत. अशी माणसं ओरडत नाहीत. हळू आवाजात म्हणाले, तुला दहावी करायची आहे ना? मी म्हटलं, करायची आहे. म्हणाले, मग नीट उभी राहा. मी म्हटलं, उभीच आहे. ते वाक्य मी पुन्हा बोलणार नाही. इथे नाही, स्टेजवर नाही, कुठेच नाही.

मॅडम म्हणाल्या की अगं, तुझ्याच भल्यासाठी चाललंय ना हे. मी फ्रॉक त्यांच्या पिशवीत परत कोंबला. सर कॅमेरावाल्याला इंग्रजीत म्हणाले, हे लोक कृतघ्न असतात. त्यांना वाटलं मला कळणार नाही. त्यांनीच शिकवलं होतं मला.

गाडी गेली. आईने चूल पुन्हा पेटवली. कालवण गरम केलं. वाडीतली जमलेली माणसं बसली, सगळ्यांनी मिळून तो कोंबडा खाल्ला. आईने मला वाढलं आणि समोर बसून राहिली, मी खाते का बघत. मी पोट फुटेस्तोवर खाल्लं.

वसतिगृहातून महिनाभरात काढलं. बेशिस्त वर्तन, असं कारण दिलं. बाप म्हणाला, झालं ना समाधान? आई दुसऱ्या दिवशी डांबरी रस्त्यावरच्या हायस्कूलला जाऊन हेडमास्तरांसमोर उभी राहिली. दहावी मी घरून चालत जाऊन केली. पावसाळ्यात ओढा भरला की शाळा बुडायची. शेवंती मागे राहिली त्या वसतिगृहात, संडास नाही म्हणत राहिली. तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही.

इंग्रजी मी सोडलं नाही. लोकांना वाटतं, असं काही झालं की ती भाषाच सोडावी. का सोडू? व्हेनने माझं काय वाईट केलं? अनटिलने आमच्या कणगीला पाय लावला नाही. ज्याने लावला त्याला मी ओळखते. मी मुरबाडच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बीए केलं, मग बीएड. आता एका शाळेत तासांवर इंग्रजी शिकवते. कायम नाही. एप्रिलमध्ये नेमणुकीची ऑर्डर संपते, जूनमध्ये मिळाली तर मिळाली.

गेल्या महिन्यात फोन आला. "बेटा, ओळखलंस का?" आवाज म्हातारा झाला होता, पण ओळखला.

म्हणाले, तू शिक्षिका झालीस असं कळलं. आम्हाला फार अभिमान आहे. संस्थेचा मोठा कार्यक्रम आहे, त्यात तुझी फिल्म दाखवायची आहे.

"तुझं बिफोर आहे आमच्याकडे. स्टेजवरचं. आता फक्त आफ्टर पाहिजे."

मी विचारलं, ते स्टेजवरचं तुम्ही अजून दाखवता? म्हणाले, दरवर्षी. पाहुण्यांना ते फार भिडतं.

दरवर्षी. मी डबा घेऊन शाळेत जात होते, पोरांची व्याकरणं तपासत होते, आणि कुठल्या तरी हॉलमध्ये, कुठल्या तरी पडद्यावर नववीतली मी डोळे खाली घालून सांगत होते की माझ्या आईने मला जेवायला दिलं नाही. दरवर्षी कुणीतरी रुमाल काढत होतं. मला कोरडी ओकारी आली. खरंच आली, फोन बाजूला धरावा लागला.

मी म्हटलं, ते पुसून टाका. ते म्हणाले, अगं, त्यात चूक काय आहे? वाक्य तर बरोबर आहे. इतक्या वर्षांनी, तेच. मी म्हटलं, वाक्य बरोबर आहे सर, तुम्ही खोटे आहात. त्यांनी फोन ठेवला.

मी गप्प बसले नाही. संस्थेला लेखी दिलं की माझा चेहरा आणि माझा आवाज वापरायचा नाही. उत्तर नाही आलं. उत्तर म्हणून संस्थेचे लोकच येताहेत. परवा हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये सांगितलं, ती संस्था आपल्या शाळेला संगणक देणार आहे, शनिवारी पाहुणे येतील, तुमच्या वर्गातल्या चार पोरी तयार करा. आधी कशा होत्या, आता कशा आहेत, इंग्रजीत दोन दोन वाक्यं. वाडीवरच्या घ्या. गावातल्या नकोत.

मी म्हटलं, नाही करणार. ते म्हणाले, मॅडम, जूनची ऑर्डर माझ्याच सहीने निघते. म्हटलं, मला माहीत आहे. वाईट माणूस नाही तो. संगणक पाहिजेत त्याला. सरांनाही काही ना काही पाहिजेच होतं. प्रत्येक वेळी काहीतरी पाहिजे असतं आणि ते मिळवायला एक पोरगी लागते, फाटक्या फ्रॉकातली.

घरी जाऊन आईला सांगितलं. नोकरी जाईल असंही सांगितलं. तिने एवढंच विचारलं, त्या पोरींच्या आया येनार हायत का तितं? म्हटलं, येतील. म्हणाली, मंग काय इचारतेस मला.

काल वर्गात फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला वेळ, दुसऱ्या बाजूला जागा. सगळे शब्द लिहिले. मग पोरींना सांगितलं, शनिवारी पाहुणे आले की त्यांच्याकडे नीट बघायचं. कुठे बसले, कुणाला कुठे बसवलं. आत येण्याआधी बूट काढले का. आपण स्वागतगीत गात असताना ते काय करत होते. आपलं पाणी प्यायले की बाटली काढली. त्यावर वाक्यं करायची आणि शेवटी पाहुण्यांसमोर उभं राहून म्हणायची. जे बघाल तेच. मीठमसाला लावायचा नाही. स्वतःच्या घराबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, कुणी विचारलं तरी. एकीने विचारलं, आवाज कसा ठेवायचा? मी म्हटलं, डोंगरावरून हाक मारतेस तसा.

माझे तास जातील. जाऊ देत. माझ्या वर्गातल्या एकाही पोरीच्या तोंडून तिच्या आईचा अपमान निघणार नाही. मी दारात उभी राहणार आहे, आणि सर आले तर त्यांना आत सोडणार आहे. पुढची खुर्ची देणार आहे. इतकी वर्षं त्यांनी आमच्यावर वाक्यं केली. शनिवारी त्यांच्यावर होतील, आणि ती बरोबरही असतील, खरीही असतील. बसून ऐकायची तयारी असेल तर यावं.